किती पुरे?

आमच्या गडब गावात कॅन्सर हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. 'तिला टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की ऐकणारा समजून जातो. मग तो एकच विचारतो, 'सोबत कोण गेलंय?' २०१७ साली हा प्रश्न आमच्या घराच्या ओटीवर येऊन पोचला, तेव्हा आत्यासोबत मी गेलो होतो.

आत्या मिश्री लावायची. आमच्याकडे तिच्या वयाच्या बहुतेक बायका लावतात. चुलीवर जुना तवा ठेवायचा, त्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची आणि डबीत भरायची. भाजताना घरभर असा ठसका उठायचा की आम्ही पोरं अंगणात पळायचो. हिंगाच्या रिकाम्या डबीत ती पूड असायची. सकाळी एकदा, दुपारी शेतावरून आल्यावर एकदा, रात्री भांडी झाल्यावर एकदा, उजव्या हाताची तर्जनी त्या डबीत बुडायची आणि डाव्या गालाच्या आत फिरायची. चाळीस वर्षं बोट जिथे टेकत होतं, नेमकं तिथेच ते उगवलं.

'तोंडान जरासा फोर आयलाय, जाल आपोआप,' ती म्हणाली. तो फोड गेला नाही. शहरातल्या एका दवाखान्यात तिला लावायला जेल आणि खायला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या मिळाल्या. पुन्हा जेल, पुन्हा गोळ्या. तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत कुणीही हातमोजा घालून तिच्या गालाला आतून बोट लावून पाहिलं नाही. लावलं असतं तर फोडाच्या कडा टणक झाल्यात हे क्षणात कळलं असतं. तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम बायोप्सीसाठी पाठवायची, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. मला आजही राग येतो तो या तीन महिन्यांचा. आजाराचा येत नाही.

परळचं ते टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ला उघडलं. लेडी मेहरबाई टाटा १९३१मध्ये ल्युकेमियाने गेल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले आणि पुढे त्यांच्या नावाच्या ट्रस्टने ते उभं केलं. १९६२पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. हा इतिहास मला नंतर वाचून कळला. त्या दिवशी दिसली ती गर्दी. बिहारपासून बेळगावपर्यंतची माणसं, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाइल आणि जेरबाई वाडिया रस्त्याच्या फुटपाथवर वाळत घातलेले कपडे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, असं रांगेतल्या एका परभणीच्या माणसाने मला पहिल्या तासातच सांगून टाकलं.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर पेनाने एक चेहरा काढला, गालावर ठिपका दिला आणि खाली मानेवर पाच-सहा बारीक गोळे काढले. 'गालातली गाठ काढायची आहेच. मानेतल्या गाठी हाताला लागत नाहीत. तरी त्या याच वेळी काढू.' आत्या माझ्याकडे बघायला लागली. जे हाताला लागत नाही ते कापायचं कशाला, हा तिचा प्रश्न रास्त होता. मी तो विचारला. डॉक्टर म्हणाले, 'हे आम्ही इथेच तपासून पाहिलंय.'

त्या एका वाक्यामागे केवढं काम होतं, ते मी घरी आल्यावर शोधून वाचलं. तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यावर मानेतल्या लसिकाग्रंथी लगेच काढाव्यात की त्या वाढल्या तरच काढाव्यात, यावर जगभरच्या शल्यविशारदांत अनेक दशकं मतभेद होते. दोन्ही बाजूंकडे अनुभव होता, पुरावा नव्हता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटामध्ये रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. २०१५ साली पहिल्या ५०० रुग्णांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मान लगेच साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, थांबून पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. शंभरामागे बारा-तेरा माणसं. तंबाखूने पोळलेल्या आपल्या देशातल्या रुग्णांनी जगाच्या पाठ्यपुस्तकातलं एक पान बदललं. आमची आत्या त्यानंतर दोन वर्षांनी त्या टेबलावर गेली. त्या पाचशे जणांतलं कुणी आमच्या ओळखीचं नाही, पण त्यांचं देणं आमच्या घरावर आहे असं मी मानतो.

तेव्हापासून कॅन्सरच्या संशोधनाबद्दल जे हाताला लागेल ते मी वाचत आलो. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. श्रीमंत देशांतलं बरंचसं संशोधन एका प्रश्नाभोवती फिरतं: आणखी काय देता येईल? नवं औषध, जुन्यावर आणखी एक औषध, जास्त काळ औषध. आपल्याकडच्या उत्तम संशोधनाचा प्रश्न वेगळा आहे. तो आमच्या घरातल्या बायका रोज तांदूळ मोजताना विचारतात तोच: किती पुरे?

याचं सर्वांत विलक्षण उदाहरण बार्शीचं. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावात १९८७पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंदणी होते. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली. याच बार्शीसह देशातल्या काही केंद्रांवर २००९ साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या एचपीव्ही लशीचा अभ्यास सुरू झाला. तीन डोसांऐवजी दोन पुरतील का, एवढंच पाहायचं होतं. दहा ते अठरा वर्षांच्या मुलींना लस देणं चालू असतानाच आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पातल्या काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ उठला. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचं चौकशीत दिसलं नाही. मात्र पालकांची संमती घेण्यात गंभीर दोष आढळले आणि तो आक्षेप योग्यच होता. या साऱ्यात २०१०च्या एप्रिलमध्ये सरकारने देशभरातल्या एचपीव्ही लशीच्या अभ्यासांत पुढचे डोस देणं थांबवलं.

अभ्यास मोडला. १७,७२९ मुलींना लस टोचली गेली होती आणि त्यांतल्या ४,९५० जणींना एकच डोस मिळाला होता. दुसरं कुणी असतं तर फायली बांधून ठेवल्या असत्या. या संशोधकांनी तसं केलं नाही. त्या मुलींच्या घरी ते जात राहिले. मुली मोठ्या झाल्या, लग्नं होऊन दुसऱ्या गावी गेल्या, बाळंत झाल्या. आरोग्य सेविका पत्ते शोधत त्यांच्यापर्यंत पोचत राहिल्या. दहा वर्षांच्या या पायपिटीनंतर २०२१ साली आकडे आले. या कॅन्सरला मुख्यतः कारणीभूत असलेल्या एचपीव्हीच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने ९५.४ टक्के संरक्षण दिलं होतं, तीन डोसांनी ९३.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मुलींना एक डोसही चालेल असं सांगितलं. त्या निर्णयामागच्या पुराव्यांत बार्शीच्या मुली आहेत. तीनदा शाळेत येऊन टोचायचं की एकदा, यातला फरक ज्याने आपल्याकडचं लसीकरण पाहिलंय त्याला समजावून सांगावा लागणार नाही.

त्याआधीचा उस्मानाबादचा, म्हणजे आताच्या धाराशिवचा, अभ्यासही याच जातीचा. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, ५२ गावसमूहांतल्या. आयुष्यात एकदा, फक्त एकदा एचपीव्हीची तपासणी केली तर काय होतं? २००९ साली उत्तर आलं: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. तपासलेल्या गटात ३४ मृत्यू, न तपासलेल्या गटात ६४.

इथे मला थांबावंसं वाटतं. त्या चौसष्ट जणी कोण होत्या? त्यांच्या गटाला तपासणी नव्हती. त्यांना आजाराची माहिती दिली होती, नेहमीची सरकारी सेवा होती आणि नेहमीच्या सेवेत तपासणी नव्हतीच. यावर पुढे जाहीर टीका झाली. तपासणीचा फायदा इतरत्र ठाऊक असताना एका गटाला तिच्याविना ठेवणं नीतीला धरून आहे का, असा प्रश्न विचारला गेला. मला तो प्रश्न झटकता येत नाही. पण त्याच वेळी हेही दिसतं की त्या अभ्यासाबाहेरच्या, आमच्या पेण-रोह्याच्या, साऱ्या महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या बायका तेव्हा त्याच दुसऱ्या गटात होत्या. त्यांना कुणी मोजत नव्हतं, एवढंच. पुरावा आल्यानंतरच्या वर्षांतही त्यातल्या किती जणींची तपासणी झाली, हा प्रश्न मग संशोधकांना विचारायचा की आपल्या सर्वांना?

'किती पुरे'ची आणखी दोन उदाहरणं सांगायलाच हवीत. कॅन्सर परत आलेल्या किंवा पसरलेल्या रुग्णांसाठी निवोलुमॅब नावाचं औषध आहे. शरीराच्या प्रतिकारशक्तीवर कॅन्सरने लावलेला लगाम ते सोडवतं. त्याची किंमत एवढी की शेत विकूनही पुरायची नाही. टाटामध्ये डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम, हे औषध स्वस्त गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिलं. रुग्ण डोक्या-मानेच्या कॅन्सरचे, बरे होण्याची आशा न उरलेले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षाअखेर १६.३ टक्के हयात होते, ही थोडीशी मात्रा मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. हे बरं होणं म्हणता येणार नाही. निम्मे रुग्ण दहा महिन्यांच्या आसपास गेलेच. पण ज्याच्या घरात मुलीचं लग्न ठरलेलं असतं त्याला विचारा, वाढलेले तीन-साडेतीन महिने म्हणजे काय.

दुसरं उदाहरण त्याहून साधं. दात काढताना देतात ते भुलीचं औषध, लिग्नोकेन, स्तनातल्या गाठीभोवती टोचायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं आणि मग गाठ काढायची. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने देशातल्या अकरा केंद्रांवर हे सुमारे १,६०० स्त्रियांमध्ये तपासलं गेलं. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. याचा पडताळा इतर देशांतही घेतला जायला हवा, एका अभ्यासावर कुणी डोळे मिटून विसंबू नये. पण या औषधावर मक्तेदारी नाही, त्यात कुणाला नफा नाही, म्हणून त्याची जाहिरात कुणी करणार नाही. तेव्हा निदान दिवाळी अंकात तरी ते छापून यावं.

वर्तमानपत्रांत मथळे झाले ते कार-टीचे. रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत शिरेतून सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून बनवलेल्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये सरकारी मान्यता मिळाली, एप्रिल २०२४मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. परदेशात याला तीन-चार कोटी लागतात, इथे ते लाखांच्या घरात आलं. काही विशिष्ट रक्ताच्या कॅन्सरांसाठीच तो आहे. देशातल्या पहिल्या रुग्णाला तो दिला गेला २०२१ साली टाटाच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात, आणि खारघर आमच्या रायगड जिल्ह्यात येतं. गडबपासून साठेक किलोमीटर.

ते साठ किलोमीटर आम्ही मोजले, कारण आत्याची रेडिएशन तिथेच झाली. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. कासू स्टेशनवरून दिव्याला जाणारी गाडी, पनवेलला उतरून हार्बरची लोकल, पुढे रिक्षा. गाडी चुकली तर महामार्गावर एसटीची वाट बघायची, आणि त्या महामार्गाचं चौपदरीकरण २०११पासून चालू होतं, म्हणजे खड्डे, धूळ आणि वडखळचा तुंबा. मशीनखाली ती दहा मिनिटं असायची. त्या दहा मिनिटांसाठी सहा-सात तास आणि सोबतच्या माणसाची एक दिवसाची मजुरी. तीस वेळा.

म्हणून स्तनाच्या कॅन्सरसाठी ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली तीन आठवड्यांची रेडिएशन एका आठवड्यात, पाच दिवसांत देता येते हे दाखवलं, किंवा हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेसाठी दहा वेळा दिलेल्या रेडिएशनइतकाच उतार एका वेळेने पडतो हे सिद्ध झालं, तेव्हा मला त्यात विज्ञानाइतकाच कासूचा फलाट दिसला. दिवस वाचणं हाही उपचार आहे. खेड्यातले कितीतरी रुग्ण उपचार अर्धवट सोडतात. त्यांना पुस्तकी भाषेत 'पाठपुराव्यातून निसटलेले' म्हणतात. ते निसटत नाहीत. थकतात.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो.

चौथ्या आठवड्यात आत्याचं तोंड आतून सोलून निघालं होतं. घशाखाली पाणी उतरेना. गुरुवार ते रविवार चार दिवस तिने पेजेचे तीन-चार घोट घेतले असतील. शुक्रवारी ती मशीनखाली झोपून आली, पण कुणाला काही बोलली नाही. मला तर 'बरं आहे' म्हणाली. सोमवारी पनवेलच्या पुलावर ती खाली बसली ती उठेचना. नाकातून नळी घातली, सलाइन लागलं, तीन दिवस रेडिएशन थांबली. मी तिच्यावर चिडलो. ती म्हणाली, 'त्यांना यवरी गर्दी, मी कला सांगू?' तिथे कुणी तिच्याशी वाईट वागलं नव्हतं. तिला कुणी विचारलं नाही एवढंच, आणि मीही नाही. 'कसं आहे?' हे विचारणं धरत नाही. 'आज सकाळपासून काय गिळलंस?' हे विचारायला हवं होतं.

त्याच वर्षी, २०१७मध्ये, न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या ७६६ रुग्णांवरचा डॉ. इथन बाश यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांना नियमितपणे बारा साधे प्रश्न विचारले जायचे: मळमळ आहे का, दुखतंय का, जेवण जातं का, दम लागतो का. उत्तर बिघडलेलं आलं की नर्सला निरोप जायचा आणि ती फोन करायची. बाकी उपचार दोन्ही गटांत सारखेच. ज्यांना असं विचारलं जात होतं त्यांच्यातले निम्मे ३१ महिन्यांहून जास्त जगले, इतरांतले निम्मे २६. पाच महिने. कोट्यवधींच्या औषधांनी एवढं मिळालं तर त्याचा उत्सव होतो, आणि हे मिळालं ते बारा प्रश्नांनी आणि एका फोनने. त्याआधी २०१०मध्ये बोस्टनच्या डॉ. जेनिफर टेमेल यांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये दाखवलं होतं की वेदना आणि मन सांभाळणारे वैद्य पहिल्यापासून सोबत असले तर रुग्ण सुखात राहतो आणि जास्तही जगतो.

औषधाची मात्रा दहाव्या हिश्श्यावर आणता येते, डोस तीनाचे एक करता येतात, पण विचारपूस कमी करून भागत नाही. ती मात्रा पूर्णच द्यावी लागते. टाटाने 'केवट' नावाने रुग्णांचे वाटाडे तयार करायला सुरुवात केली आहे. नवख्या रुग्णाला कोणत्या खिडकीवर जायचं, महात्मा फुले योजनेचा कागद कुठे द्यायचा, पुढची तारीख का महत्त्वाची, हे सांगणारी प्रशिक्षित मुलं-मुली. नाव मला फार आवडलं. धरमतरच्या खाडीत तरी चालत होती तेव्हा तरीवाल्याला गाळ कुठे आणि पाणी कुठे हे ठाऊक असायचं, उतारूला नव्हे. पण हे केवट आहेत त्या काठाला, परळला. अलीकडचा काठ मोकळा आहे. उपचार संपवून, फाइल घेऊन माणूस गावात परततो तेव्हा त्याला कोण विचारतं? जिल्हा रुग्णालयांत केमोथेरपीची डे-केअर केंद्रं काढण्याची घोषणा २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. अलिबागला असं केंद्र नीट चाललं तर आमचे कितीतरी फेरे वाचतील. त्या केंद्रातून दर आठवड्याला गडबच्या एका घरी फोन गेला तर मी ते खरं केंद्र मानेन.

अलीकडच्या काठावर आज आहे ती आशाताई. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरायचा असतो: तंबाखू किती, तोंडात चट्टा आहे का, स्तनात गाठ, अंगावरून जास्तीचं जाणं. मुंबईच्या वस्त्यांत टाटाने डॉक्टर नसलेल्या आरोग्य सेविकांना प्रशिक्षण देऊन १९९८पासून दीड लाख स्त्रियांत हे काम करून पाहिलं. व्हिनेगरसारख्या पातळ आम्लाने केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हाताने केलेल्या स्तनतपासणीने पन्नाशीपुढच्या बायकांतले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. तेव्हा आशाताईला हे जमेल का, हा प्रश्न संपलेला आहे. तिच्याकडे वेळ किती, तिला मानधन किती आणि तिने पाठवलेल्या बाईला पुढे कुणी बघतं का, हे प्रश्न उरलेत.

परवा वसुबारसेच्या आदल्या दिवशी ती आमच्या ओटीवर बसून फॉर्म भरत होती. आत्या शेजारी होती. तिचा डावा खांदा उतरलाय, मानेच्या ऑपरेशननंतर तो पुन्हा वर आला नाही. तोंडाला लाळ सुटत नाही म्हणून पाण्याची बाटली कायम मांडीपाशी. भाकरी सुटली, तिखट कालवण सुटलं. मऊ भात आणि जिताड्याचं पिवळं सार एवढंच जातं. पण आठ वर्षं झाली.

माझी चुलत वहिनी आली. ती मिश्री लावत नाही, सुपारी मात्र दिवसभर. आशाताई म्हणाली, 'ताई, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला.' वहिनी हसत हसत घालायला गेली. दोन बोटं गेली, तिसरं जाईना. तिने पुन्हा प्रयत्न केला. हसू मावळलं. आशाताईने मोबाइलचा उजेड पाडून आत पाहिलं आणि फॉर्मवर लिहिलं. 'सोमवारी पेणला उपजिल्हा रुग्णालयात चला. मी येते सोबत.'

'कापणी होऊ दे,' वहिनी म्हणाली. 'भात उभाय शेतान.'

आत्याने बाटलीतला घोट घेतला, तोंड ओलं केलं. 'कापनीवर मी जातंय,' ती म्हणाली. 'तू सोमवारी जा.' मग माझ्याकडे वळून विचारलं, 'पहिली एसटी किती वाजता?'